रांगेतली शेजारीण

जुलैतला रविवार होता आणि ऑब्री टिलर नेहमीच्या थांब्यावर गाडी लावून वाट बघत होता. मोठ्या रस्त्यावरून ऑल्डरविक हाउसचा फाटा फुटतो, त्याच्या जरा अलीकडे हा थांबा आहे. तिथे चहा आणि बर्गर विकणारी एक पांढरी व्हॅन बारा महिने उभी असते. ऑब्री कागदी पेल्यातला चहा गाडीपासून चार हात लांब उभा राहून पीत होता, कारण उजाडल्यापासून त्याने ती पुसून लख्ख केली होती आणि चहाचा एक थेंब तिच्यावर उडालेला त्याला खपला नसता.

गाडी म्हणजे गडद हिरवी रोव्हर, त्याच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. भारदस्त, गोलसर, समोरून पाहिली तर चर्चला निघालेल्या पोक्त बाईसारखी. या जातीच्या रोव्हरना आमच्याकडे सगळे आत्याबाईच म्हणतात.

"तुमच्या बाई नाही आल्या अजून?" व्हॅनवालीने कांदा परतता परतता विचारलं.

"माझ्या कसल्या हो," ऑब्री म्हणाला. "येतील. चढावर त्यांची गाडी दम खाते."

त्या बाई म्हणजे ग्लेनिस. ऑल्डरविकच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात गाड्या आल्या त्या क्रमाने लावतात. पिवळं जाकीट घातलेला माणूस हात करेल तिथे उभं राहायचं, आणि मग रिंगणातली फेरी सोडली तर चार वाजेपर्यंत हलायचं नाही. दिवसभराचा शेजार कोणाचा, हे फाटकातून तुमच्या मागेपुढे कोण शिरलं त्यावर ठरतं. म्हणून ज्यांना एकत्र बसायचं असतं ते आधी बाहेर कुठेतरी भेटतात आणि एकामागोमाग आत जातात. मोठे क्लब असे वरातीसारखे येतात. ऑब्री आणि ग्लेनिसची वरात दोघांचीच.

पहिल्या वर्षी त्यांना शेजारी शेजारी लावलं होतं ते योगायोगाने. ग्लेनिस बसायची खुर्ची घरीच विसरून आली होती. ऑब्रीने आपल्या गाडीचं पुढचं दार उघडून दिलं, ती चामड्याच्या सीटवर पाय बाहेर सोडून बसली आणि तिने डब्यातला बेदाण्यांचा केक काढला. तिची गाडी मॉरिस, मागची बाजू लाकडी चौकटीची. ओल धरणाऱ्या त्या लाकडावरून लोक मालकांची थट्टा करतात. ऑब्रीनेही केली.

"यंदा अळंबी उगवली का हो लाकडावर?"

"उगवली होती," ती म्हणाली. "सकाळी अंड्याबरोबर परतून खाल्ली."

तेव्हापासून दर वर्षी हाच प्रश्न आणि दर वर्षी नवं उत्तर. मग वार्निशचे हात किती दिले, गिअर दुसऱ्यात टाकताना करकरतो का, चाकांच्या झाकण्या कुठल्या जत्रेत स्वस्त मिळाल्या. केक, चहा, थोडी झोप, पुन्हा वार्निश. चार वाजता "बरंय मग, पुढच्या वर्षी" म्हणून दोघं दोन दिशांना जायची. तिच्या गाडीचा नंबर ऑब्रीला झोपेतही सांगता आला असता. तिचं आडनाव त्याला ठाऊक नव्हतं. ती वेल्सच्या हद्दीकडून येते, एवढं उच्चारावरून कळायचं. फोन नंबर कधी मागितला नाही, कारण लागला कधी नाही.

हा असा माणूस होता. काउंटीच्या रस्ते खात्यात नोकरी केली, आई असेतो आईबरोबर राहिला, आई गेल्यावर त्याच घरात एकटा राहिला. लग्नाचा विषय त्याच्या आयुष्यात कधी दारापर्यंत आला नाही, त्यामुळे नकार द्यायचीही वेळ आली नाही. पण या हिवाळ्यात आठवडाभर तापाने पडला असताना त्याच्या मनाने एक गोष्ट घेतली. ग्लेनिसही एकटीच येते, एकटीच जाते. तिच्या डब्यात केकचे तुकडे नेहमी दोन. सप्टेंबरात एखाद्या रविवारी नदीकाठच्या खाणावळीत तिला जेवायला बोलवायला काय हरकत आहे? भाजलेलं मांस, बटाटे, नंतर ॲपल पाय. "ग्लेनिस, तुम्हाला चालणार असेल तर," अशी वाक्याची सुरुवात त्याने न्हाणीघराच्या आरशासमोर करून पाहिली होती. पुढचं वाक्य दर वेळी वेगळं व्हायचं, पण सुरुवात पक्की होती.

थांब्यासमोरून गाड्या जात राहिल्या. ओळखीचे हॉर्न वाजवायचे, ऑब्री पेला उंचावायचा. दहाला फाटक बंद होतं. पावणेदहा झाले तशी व्हॅनवाली म्हणाली, "जा आता. नाहीतर बाईंपायी आत्याबाईला बाहेर उभं राहावं लागेल."

तो निघाला.

पिवळ्या जाकीटवाल्याने त्याला शेवटच्या रांगेत, घोड्यांच्या पागेजवळ लावलं. शेजारी लाल रंगाची उघडी स्पोर्ट्स गाडी होती आणि तिच्याभोवती सबंध गोतावळा. कापडी मंडप, शेगडी, कुत्रा, सासू. मालक चाळिशीचा, आडवा, हसरा. त्याने ऑब्री खाली उतरायच्या आतच हात पुढे केला.

"मी डेस्मंड! ही बायको, ती बायकोची आई, तो कुत्रा. कुत्र्याचं ऐकतो मी, बाकी कोणाचं नाही. सॉसेज घेणार, दोस्त?"

"नको, आत्ताच चहा झाला."

"एकटेच आलात?"

"यंदा एकटा," ऑब्री म्हणाला. मग त्याला वाटलं, आपण हे 'यंदा' का जोडलं?

खुर्ची उघडून तो गाडीच्या मागे बसला. समोर हिरवळ उतरत तळ्यापर्यंत गेली होती आणि पलीकडे ते थोरलं घर, शेकडो खिडक्यांचं, ज्याच्याकडे त्या दिवशी कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. लोक येत, गाडीत डोकावत आणि हमखास तेच म्हणत, "माझ्या वडिलांकडे हीच होती." एक म्हणाला निळी होती, एक म्हणाला करडी होती. एका बाईला आत बसून वास घ्यायचा होता. तिने घेतला, डोळे पुसले आणि निघून गेली. ऑब्री प्रत्येकाला "हो का?" म्हणाला. इतर वर्षी अशी माणसं गेल्यावर ग्लेनिस शेजारून हळूच आकडा सांगायची, "हे आजचे सातवे वडील." आज वडील कोणी मोजत नव्हतं.

दुपारी त्याच्याने बसवेना. डेस्मंडला गाडीकडे लक्ष ठेवायला सांगून तो रांगांतून फिरायला निघाला. आपण फक्त पाय मोकळे करतोय असं त्याने स्वतःला सांगितलं. तिसऱ्या रांगेत लाकडी चौकट दिसली आणि त्याची पावलं भराभर पडायला लागली. जवळ गेल्यावर नंबर वेगळा निघाला. गाडीपाशी एक दाढीवाला गृहस्थ सँडविच खात होता.

"तुम्ही ग्लेनिसना ओळखता का?" ऑब्रीने विचारलं. "अशीच गाडी. हिरवी."

"ग्लेनिस प्रॉसर? आमच्या क्लबातली? ओळखतो म्हणजे काय!" दाढीवाल्याने तोंडातला घास गिळला. "अहो, विकली ना तिने गाडी. ईस्टरच्या सुमाराला. हॉलंडचा एक पोरगा येऊन घेऊन गेला."

"का विकली?"

"ते तिलाच ठाऊक. तुम्ही नातेवाईक का?"

"नाही," ऑब्री म्हणाला. "मी रांगेतला."

परत येताना त्याला त्या आडनावाचं नवल वाटत राहिलं. प्रॉसर. दाढीवाल्याला ते सहज माहीत होतं, जसं सगळ्यांना सगळ्यांचं असतं. त्याच्या डोक्यात आलं की म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या दोनच कारणांनी विकल्या जातात, चालवणं थांबतं म्हणून, नाहीतर माणूसच गेलं म्हणून. ईस्टरला तिने स्वतः विकली म्हणजे तेव्हा तरी ती होती. एवढा हिशेब करून तो पुन्हा खुर्चीत बसला. त्याने डबा उघडला, सँडविच अर्धं खाल्लं आणि उरलेलं डेस्मंडच्या कुत्र्याला दिलं.

तीन वाजायला आले होते. गवतावरून दोन बायका एकमेकींच्या हाताला धरून सावकाश येताना दिसल्या. एक ठेंगणी, पुढे बघत चालणारी, दुसरी काळा चष्मा लावलेली. चष्मेवाली रोव्हरपाशी थांबली आणि तिने मान अगदी तिरकी केली, पक्षी दाणा बघताना करतो तशी.

"पेग, ही हिरवी आहे का गं? गडद?"

"हिरवीच आहे."

"मग ही आत्याबाई. आणि मागे खुर्चीत कोणीतरी बसलंय, ते जर ऑब्री नसतील तर मी माफी मागते."

ऑब्री उठायला गेला आणि खुर्ची त्याच्यामागे उलटी पडली. "ग्लेनिस! या, या. मी सकाळी थांब्यावर…"

"थांबला होतात ना? वाटलंच मला. पेगला म्हटलं, तो माणूस तिथे चहा गार करत उभा असेल आणि आपल्याकडे कळवायला काही साधन नाही." तिने हात पुढे केला. तो त्याच्या हाताच्या थोडा बाजूला गेला. ऑब्रीने तो धरला. "डोळे गेले हो माझे. सगळे नाही, फक्त मधले. कडेकडेचं दिसतं. तुमच्या चेहऱ्याच्या जागी धुकं आहे, पण कान मात्र स्वच्छ दिसतायत. केवढे मोठे आहेत! इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही माझ्या?"

"टोपी असायची," ऑब्री म्हणाला.

पेग म्हणजे तिच्याबरोबर आलेली ती ठेंगणी. ती म्हणाली, "तुम्ही बसा बोलत, मी रोपं बघून येते," आणि विक्रीच्या तंबूकडे गेली. ऑब्रीने गाडीचं पुढचं दार उघडलं. ग्लेनिस चाचपत सीटवर बसली आणि तिने पाय बाहेर सोडले.

वार्निशचं विचारायचं तर लाकूड हॉलंडला. ऑब्रीने दोनदा घसा साफ केला.

"लायसन्स परत करावं लागलं," शेवटी ती म्हणाली. "म्हटलं, अंगणात उभी ठेवून रोज तिच्यावर हात फिरवत बसण्यापेक्षा जाऊ दे कोणाकडे तरी. रॉय असता तर विकू दिली नसती. पण तो जाऊन आता ऑक्टोबरात दोन वर्षं होतील."

"रॉय कोण?" ऑब्रीने विचारलं.

तिने मान तिरकी करून त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या कानाकडे पाहिलं.

"माझा नवरा."

शेजारी डेस्मंडची सासू खदखदून हसत होती. ऑब्रीने खाली पडलेली खुर्ची उचलली, उघडली आणि नुसताच तिचा दांडा धरून उभा राहिला.

"मला कल्पना नव्हती," तो म्हणाला.

"कशी असणार? मी सांगितलंच नाही." तिच्या आवाजात काही लपवाछपवी नव्हती. "अंगाची एक बाजू गेली होती त्याची. बोलणं गेलं होतं. आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्याला अंथरुणाला खिळून वर्ष झालं होतं. त्याला उचलायचं, भरवायचं, पुसायचं. जो भेटेल तो विचारायचा, रॉय कसा आहे, तुझं कसं चाललंय, तू स्वतःची काळजी घेतेस ना. चर्चमध्ये तेच, दुकानात तेच. वर्षातून हा एक रविवार पेग, त्याची बहीण, त्याच्याजवळ बसायची आणि मी गाडी काढायचे. इथे आलं की तुम्ही विचारायचात, अळंबी उगवली का."

"मी विचारायला हवं होतं, ग्लेनिस. दुसरं काहीतरी."

"छे हो! तुम्ही विचारत नव्हतात म्हणून तर मी येत होते. संध्याकाळी घरी जाताना मला वाटायचं, आज दिवसभर मी फक्त एका मॉरिसची मालकीण होते."

ऑब्रीने मान हलवली. तिला ते दिसलं नसणार. केकचे दोन तुकडे, त्याच्या मनात आलं. इतकी वर्षं ती दोघांच्या अंदाजानेच केक कापत असणार, हाताला सवय. त्याला तिचा राग आला नाही. फक्त एवढंच झालं की शेजारी शेजारी बसलेली दोन एकटी माणसं असं जे चित्र त्याने जपलं होतं, त्यात आता माणूस एकच उरला. आणि तोही सबंध वेळ त्यात एकटाच होता, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

"तुमचं काय?" ग्लेनिसने विचारलं. "घरी कोण असतं?"

"कोणी नाही. आई होती."

"अस्सं," ती म्हणाली. "मला वाटायचं बायको असेल. गाड्यांचा कंटाळा असलेली. बहुतेकांच्या तशाच असतात."

कर्ण्यातून निवेदकाचा आवाज आला. पन्नासच्या दशकातल्या गाड्यांनी रिंगणात यावं. दर वर्षी गवतात दोर लावून एक रिंगण करतात, गाड्या त्यातून हळूहळू एक फेरी मारतात आणि निवेदक प्रत्येकीबद्दल दोन शब्द बोलतो. ऑब्री त्यात कधी गेला नव्हता. लोकांनी आपल्याकडे बघावं हे त्याच्या स्वभावात नव्हतं.

"चला ना," ग्लेनिस म्हणाली. "मी इतक्यांदा फेरी मारली, पण शेजारच्या सीटवर कधी बसले नाही. त्यात काय मजा असते बघू."

"आज?"

"मग कधी? सप्टेंबरात मी जातेय ॲबरडीनला, पार उत्तरेला. मुलगा आहे तिथे, ह्यू. खालची खोली रिकामी करून ठेवली आहे त्याने."

सप्टेंबर म्हटल्यावर ऑब्रीने चावी काढली. डेस्मंडने मंडपाचा खांब बाजूला धरला, कुत्र्याला आवरलं आणि ओरडला, "जाऊ दे, दोस्त! दाखव त्यांना!"

रोव्हर हिरवळीवरून उतरली. ग्लेनिसने खिडकी खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं. रिंगणाच्या दोराबाहेर लोक गवतावर पाय पसरून बसले होते, आइस्क्रीम चाटत. निवेदक यादीवरून गाडीचं साल सांगून म्हणाला, "आणि बघा, कशी नवीच्या नवी ठेवली आहे या श्री आणि सौ टिलर यांनी! दोघांनाही एक टाळी होऊन जाऊ द्या!"

टाळ्या वाजल्या. ऑब्रीचे कान तापले. दुरुस्त करायचं तर थांबून, खिडकीतून डोकं काढून ओरडावं लागलं असतं.

"आडनाव टिलर का तुमचं?" ग्लेनिसने विचारलं.

"हो."

"बरं आहे." ती हसली आणि लोकांकडे बघून हात हलवायला लागली, लग्नाच्या गाडीतून हलवतात तसा. लोकांनीही हलवले. "दिसत कोणीच नाही मला," ती हात न थांबवता म्हणाली. "नुसते रंग. पण छान वाटतंय. तुम्हीही हलवा की एक हात, स्टिअरिंग काही पळून जात नाही."

त्याने डावा हात उचलला, थोडासा हलवला आणि परत ठेवला. गाडी पहिल्याच गिअरमध्ये होती. फेरी लहान होती. ती आणखी हळू घेता आली असती तर त्याने घेतली असती, पण मागे निळी ऑस्टिन होती आणि तिचं इंजिन तापत होतं.

रिंगणाबाहेर पेग हातात दोन कुंड्या घेऊन उभी होती. तिला चारच्या गर्दीआधी निघायचं होतं. ग्लेनिस उतरली. तिने गाडीच्या छपरावर तळवा ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. त्या एवढ्या वेळात ऑब्रीला खाणावळ आठवली, आरसा आठवला, वाक्याची सुरुवात आठवली.

"ग्लेनिस, तुम्हाला चालणार असेल तर," तो म्हणाला.

"काय?"

"तर मी फोन करीन. तिकडे. अधूनमधून."

"करा की," ती म्हणाली. "रविवारी करा. रविवारी सगळी बाहेर असतात." पेगने ॲबरडीनचा नंबर सांगितला. ऑब्रीने तो मनात दोनदा म्हटला आणि त्याला तो पाठ झाला. नंतर त्या दोघी एकमेकींना धरून लोकांच्या गाड्या लावल्या होत्या त्या मेंढ्यांच्या कुरणाकडे चालत गेल्या, आणि गर्दीत ग्लेनिस कुठली ते त्याला लवकरच कळेनासं झालं.

ऑक्टोबरात त्याने पहिला फोन केला. पहिल्या फोनवर दोघं वार्निशबद्दलच बोलली, कारण त्याने गाडीच्या डॅशबोर्डच्या लाकडाला नवा हात दिला होता. ते संपल्यावर ती म्हणाली, "आता तुमचं सांगा." त्याला काही सुचेना. शेवटी तो म्हणाला, "इथे संध्याकाळी फार शांत असतं." ती म्हणाली, "इथे फार गोंगाट असतो."

पुढच्या वेळी काय सांगायचं ते ठरवून ठेवलं पाहिजे, असं त्याने मनाशी घेतलं. मग तो आठवडाभर बघायला लागला. शेजाऱ्याने छपराला लावलेल्या कौलांचा न जुळणारा रंग. टपालपेटीवर बसणारं मांजर. ग्लेनिसला हे आवडायचं. ती मध्ये मध्ये विचारायची, "मांजराचं तोंड कोणीकडे असतं?" आणि त्याला सांगता यावं म्हणून तो पुन्हा जाऊन बघून यायचा. हे बोलणं दहा मिनिटांच्या वर कधी जात नसे. कधी मागून नातवंडांचा आवाज यायचा आणि ती घाईने म्हणायची, "ठेवते हं."

फेब्रुवारीत गावाजवळच्या लग नदीला पूर आला. कुरणं बुडाली, पाणी रस्त्यावर चढलं, आणि शनिवारी सकाळी ऑब्रीने पाहिलं की बसच्या थांब्याजवळ, जिथे लोक उभे राहतात तिथे, हंसांची जोडी पोहते आहे. चालत जाताना तो थांबला. असं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. बसच्या वेळापत्रकाखालून ते दोघे शांतपणे गेले. तो बूट भिजेपर्यंत उभा राहिला. मांजर, कौलं, या सगळ्यापेक्षा हे मोठं होतं, आणि उद्या रविवार होता.

रविवारी फोन वाजत राहिला. मग ह्यूने उचलला. आई थोरल्या नातीबरोबर शहरात गेली आहे, काही निरोप आहे का?

"नाही, नाही," ऑब्री म्हणाला. "विशेष काही नाही."

फोन ठेवून त्याने खिडकीतून पाहिलं. दिसण्यासारखं तिथून काही नव्हतं, नदी घराच्या दुसऱ्या बाजूला होती. त्याने एक बटाटा उकडायला ठेवला. हंसांचं सांगायला त्याच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. तो ते आठवडाभर बरोबर घेऊन फिरला, दुकानात, वाचनालयात, आणि कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी तिने पहिल्याच घंटेला उचललं. तोपर्यंत पाणी ओसरलं होतं, बस सुरू झाली होती आणि थांब्यावर नुसता चिखल उरला होता. तरी त्याने ते सगळं सांगितलं, अगदी सुरुवातीपासून.